काटा शून्यावर नव्हता

माझे धाकटे मामा तंत्रमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. प्रत्येक चाचणीआधी काटा शून्यावर आणल्याशिवाय ते कुणाला मोजणीच्या यंत्राजवळ फिरकू देत नसत, म्हणून पोरं त्यांना शून्यमामा म्हणायची. मामांना त्याचा कोण अभिमान! घरी पीठ मोजतानाही तोच ताठा. मामी वैतागून जायची.

पदव्युत्तरच्या शेवटच्या परीक्षेत अहवालाला चाळीस गुण, तोंडीला तीस आणि स्वतः बनवलेलं यंत्र चालवून दाखवायला तीस. या शेवटच्यात नापास, तर सगळ्यातच नापास. मला विचाराल तर नियम योग्यच आहे; कागदावर पूल सगळेच बांधतात.

त्या दिवशी शेवटची पाळी एका वेल्डर मुलीची होती. कारखान्यातली नोकरी सांभाळून ती शिकत होती. तिच्या यंत्राच्या हातानं ऐंशी किलो ओढायला हवं होतं. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडे बघत म्हणाले, "मामा, आटपा हो." आणि मामांनी आटपलं. काटा एकाहत्तरवर थांबला.

"का कमी पडलं?" परीक्षकांनी विचारलं.

"माझंच गणित चुकलं असेल, सर," ती म्हणाली.

सगळे गेल्यावर मामा मोजणीच्या यंत्रावर कापड घालायला आले, तर रिकामा काटा शून्याच्या बारा किलो खाली. आधीच्या चाचणीत सरकलेला. पोरीचं यंत्र त्र्याऐंशी ओढत होतं!

"गप्प बसा, निवृत्तीला चार महिने राहिलेत," मामी म्हणाली. मामा जेवले नाहीत. सकाळी त्यांनी विभागप्रमुखांच्या टेबलावर कबुलीचा कागद ठेवला. मला त्यांचं कौतुक वाटतं, पण रागही येतो. इतकी वर्षं जपलेलं नेमकं तिच्याच वेळी सुटावं?

"चूक तुमच्या नावावर चढेल, मामा," विभागप्रमुख म्हणाले.

"चढू दे, साहेब."

"मग परीक्षक दुपारी निघायच्या आत तिला यंत्र घेऊन बोलवा. पुन्हा चाचणी घेऊ."

मामा तडक कारखान्यात गेले. ती फरशीवर बसली होती. समोर यंत्राचा हात, तीन तुकड्यांत.

"कापलास?"

"काल संध्याकाळीच. चूक कुठंय ते शोधतेय, मामा. सापडतच नाही."

मामांनी खाली बसून तिला सगळं सांगितलं. तिनं एक तुकडा उचलून मांडीवर घेतला.

"म्हणजे माझं गणित बरोबर होतं?"

"बरोबर होतं, पोरी," मामा म्हणाले. "पण आता त्यांना दाखवायचं काय?"