एक जूनची माणसं

शांभवी हिरेमठ आमच्या दवाखान्यात सात महिने होती, आणि ती ज्या रीतीनं गेली त्याचा राग मला अजून आवरत नाही. मी पिराजी. ट्रस्टच्या या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर मला तेवीस वर्षं झाली. खिडकीवरचा माणूस चिडकाच असतो असं लोक म्हणतात, ते खरंही आहे. पण हा राग त्यातला नाही.

मागच्या साली दवाखान्यानं जुने कागद बंद करून सगळं संगणकावर घ्यायचं ठरवलं. पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर आलं आणि ते बसवायला शांभवी आली. नेसरीची पोरगी. वडील शिवय्या, त्यांचं गावात किराणा दुकान. घरात कन्नड, शाळा मराठी, कॉलेज गडहिंग्लजला. खिडकीच्या आत माझ्या शेजारी टेबल टाकून तिला बसवलं. सीमेकडचा एखादा पेशंट मराठीत अडला की ती पडद्यावरची नजर न काढता त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायची आणि माझं काम हलकं व्हायचं. आठवड्याभरातच ती मला मामा म्हणायला लागली.

कंपनीनं तिला एक मग दिला होता. त्यावर छापलेलं, 'आपण जीव वाचवतो'. त्यातून निवांत चहा प्यायलेली मी तिला फार थोड्या वेळा बघितली. सकाळी आठला कॅमेरा लावून हजेरी, जेवायला वीस मिनिटं. पडद्यावर तिच्या नावापुढं एक हिरवा ठिपका असायचा. पाच मिनिटं हात थांबला की तो पिवळा व्हायचा, आणि पुण्याहून तिच्या साहेबाचा, राजवर्धनचा, निरोप यायचा, कुठं आहेस? ऑगस्टात ती तापानं फणफणली होती. रजा मागितली तर हा म्हणे, दवाखान्यातच तर बसली आहेस, काळजी कसली? शेवटी आमच्या डॉक्टरांकडून गोळ्या मी आणून दिल्या. जीव वाचवणाऱ्यांची ही तऱ्हा.

शेवटच्या टप्प्यात कंपनीचा हुकूम आला. एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी झाल्यात, त्या शनिवारपर्यंत एक करा. बटण दाबलं की नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळणाऱ्या नोंदी आपोआप एक होणार. शांभवीनं आधी थोड्या नोंदींची नक्कल काढून तिच्यावर करून बघितलं, आणि गारगोटीच्या बनाबाई पाटील आणि गडमुडशिंगीच्या बनाबाई पाटील मिळून एकच बाई झाली. गारगोटीच्या बनाबाईंना पेनिसिलिन चालत नाही, त्यांच्या नोंदीत ते लाल अक्षरात आहे. गडमुडशिंगीच्या बनाबाईंना सगळं चालतं. त्यांची नोंद नवी, म्हणून तीच राहिली आणि लाल अक्षरं पुसली गेली.

दोघींची जन्मतारीख एक जून एकोणीसशे पंचावन्न. आमच्याकडं याचं कुणाला नवल नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एक जून लिहिला, तो जन्मभर चिकटला. जे शाळेत गेलेच नाहीत त्यांना एक जून मी दिला, खोटं कशाला बोलू? मागं पन्नास माणसं ताटकळत असतात आणि म्हातारी म्हणते, मला काय ठावं. मग मी साल अंदाजानं धरतो आणि एक जून टाकतो. मधलं नाव, म्हणजे नवऱ्याचं नाहीतर बापाचं, तेवढं मात्र मी नेमानं लिहिलं, कारण इथं माणूस ओळखायचा तो त्यावरून. आणि त्या सॉफ्टवेअरला मधलं नाव बघायचं कुणी शिकवलंच नव्हतं.

शांभवीनं हे सगळं राजवर्धनला कळवलं. तो म्हणाला, एवढी माणसं एका दिवशी जन्मतील कशी, हा तुमच्या लोकांचा गलथानपणा आहे. मधलं नाव तपासणीत घ्यायचं तर दोन महिने लागतील आणि तारीख काही हलणार नाही. मग ही पोरगी माझी जुनी रजिस्टरं घेऊन बसली. एकेका घरी फोन लावून गाव कुठलं, माहेर कुठलं विचारायची आणि ही दोन वेगळी माणसं अशी नोंदींवर खूण करायची. फोनवर बोलताना ठिपका पिवळा होतो, म्हणून उजव्या हातात फोन धरून डाव्या हातानं माउस उगाच हलवत राहायची. शिकल्यासवरल्या पोरीवर ही पाळी आणणाऱ्यांना काय म्हणावं? तरी शनिवार उजाडला तेव्हा तीनशे बारा नोंदी उरल्याच.

त्या दिवशी तिच्यापुढं एक फॉर्म आला, 'नोंदी तपासल्या, दोष नाही' अशा अर्थाचा. एक सही दवाखान्याची, एक कंपनीची, म्हणजे तिची. दोन्ही झाल्याशिवाय ते बटण चालणार नव्हतं. राजवर्धन तिच्याशी बोलत होता. एरवी त्याचा आवाज तिच्या हेडफोनमध्येच राहायचा. बोलता बोलता तिनं वायर उपसली आणि मला ऐकू आलं.

"हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागानं गुरुवारीच सही केली आहे. त्यांना अडचण नाही, मग तुला काय अडचण आहे?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रेकॉर्ड विभाग म्हणजे मीच. गुरुवारी शिपायानं दहा कागदांत घालून तो इंग्रजी फॉर्म आणला होता. खिडकीवर रांग होती. एक जून टाकतो तशीच सही टाकून मी मोकळा झालो होतो.

"सही कर," तो म्हणाला, "नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस."

सात महिने त्याच्याशी पुस्तकी बोलणारी पोरगी त्या दिवशी तसं बोलली नाही. "सर, माझ्या अप्पांची जन्मतारीखबी एक जूनच हाय. उद्या त्यास्नी हितंच आणायला लागलं तर? मी सही करणार न्हाय."

दहा मिनिटांत तिचं खातं बंद झालं. तिनं तो कंपनीचा मग धुतला, माझ्या टेबलावर ठेवला आणि गेली. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या राजवर्धनचा संताप आलाच, पण माझ्या सहीनं त्यानं तिला ठोकलं, हे मला जास्त झोंबलं. मी तसाच व्यवस्थापकांच्या खोलीत गेलो, फॉर्म मागून घेतला, माझी सही खोडली आणि खाली मराठीत लिहिलं, 'न वाचता सही केली होती. तीनशे बारा नोंदी तपासलेल्या नाहीत. सही मागे घेतो.' मला मेमो मिळाला. बटण मात्र दाबता आलं नाही.

दवाखान्यानं पुण्याला विचारणा केली, आणि दोन महिन्यांचं म्हणून सांगितलेलं काम चार दिवसांत झालं. चार दिवसांत. आता सॉफ्टवेअर मधलं नाव बघतं. शांभवीला कुणी परत बोलावलं नाही. तिच्या कागदावर शेरा मारलाय, वरिष्ठांचा आदेश पाळला नाही. त्या शेऱ्यावर दुसरीकडं नोकरी मिळत नाही, म्हणून सध्या ती अप्पांच्या दुकानात बसते. परवा फोनवर म्हणाली, मामा, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना माझा डावा हात अजून हलतोय.

बुधवारी गारगोटीच्या बनाबाई इंजेक्शनला आल्या. पडद्यावर त्यांच्या नावाखाली लाल अक्षरं जागच्या जागी होती. त्यांनी खिडकीतून आत बघितलं.

"ती पोरगी दिसंना की. फोनवर माझं माहेर इचारत हुती. लई मायेनं बोललती."

नोकरी गेली तिची, असं मी सांगितलं.

"काय चुकी केली तिनं?"

"चुकी माझी हुती, आक्का. भोगली तिनं."

त्यांना काही उमगलं नाही. मागची माणसं गलका करायला लागली होती. मी त्यांना थांबा म्हणालो आणि बनाबाईंना विचारलं, त्या खरंच कधी जन्मल्या, आई काही सांगायची का? गुऱ्हाळं चालू हुती म्हणायची, म्हंजे थंडीचं दिस, असं म्हणून त्या आठवत राहिल्या, आणि मी पेन हातात धरून थांबलो.