वंदनाच्या फोटोत वाघ नाही!

शेजारच्या घरात काय चाललंय ते पाहायचं नाही, हे मला जमत नाही. त्यामुळे वंदनाचे किस्से माझ्याकडे ढीगभर साचलेत. वंदना म्हणजे जंगलाला लागून असलेल्या आमच्या मोहर्लीतली सफारी गाइड. एका पर्यटकबाईने तिला जुना कॅमेरा दिला आणि सुरू झालं!

पहिल्याच दिवशी अंगणात मी मोहफुलं वाळत घातली होती. ही आली कॅमेरा घेऊन. मी ओरडले, "थांब वं, चांगली साडी तं नेसू दे मले!"

"काकू, तुमचा नाई, मोहाचा काढून राह्यली!"

आता बोला!

मग एकदा हातपंपावर. भांड्यांची रांग लागलेली, ही समोर रस्त्यात चक्क पालथी पडली. तिची सासू धावली, "चक्कर आली वं पोरीले!" आणि अख्खी बादली ओतली. कॅमेरा वाचला. वंदना ओलीचिंब, तरी म्हणते, "आत्या, जरा सरका, तुमची सावली पडून राह्यली."

तेवढ्यात कळलं, जंगलाच्या गेटवर गावकऱ्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लागणार. वंदनाला त्या भिंतीवर आपला फोटो हवाच होता. तिचा नवरा म्हणाला, "वाघाचा दे. नाई तं कोणी घेत नाई."

"वाघाचे सारेच काढतात. आपल्या गावाचे मी नाई काढीन, तं कोण काढीन?"

आणि खरंच सांगते, एकदा जिप्सीसमोर वाघ आडवा आला. सगळ्यांचे कॅमेरे वाघावर, हिचा कॅमेरा मात्र ड्रायव्हर मारोतीभाऊंच्या हातांवर! स्टिअरिंग गच्च धरलेलं, बोटं पांढरीफटक. फोटो पाहून मारोतीभाऊ हळूच म्हणाले, "बाई, हा माह्या घरी नको दाखवू. मी भेत नाई म्हणून सांगून ठेवलं हाये."

नवरा मात्र कपाळाला हात लावून बसला. "समोर वाघ होता ना वं!"

"होता. त्याले काढाले सहा जण होते."

फोटो निवडायला वनखात्याचे साहेब आले त्या दिवशी मीही गेले. जाणारच! भिंतीवर वाघच वाघ. बसलेला, पाणी पिणारा, मधोमध जांभई देणारा. वंदनाने एकच फोटो पुढे केला. आमचा गोठा होता. दारात वाघाचे पंजे उमटले, त्या सकाळी मी पायरीवर रडत बसले होते, तेव्हा ती दारात उभी राहून काढत होती. खुंटा, तुटलेलं दावं, टोपल्यात तसाच राहिलेला चारा.

साहेबांनी चष्मा वर केला. "छान आहे. पण बाई, यात वाघ कुठे आहे?"

वंदना म्हणाली, "साहेब, गाय दिसून राह्यली का?"

साहेबांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. मग उठले आणि मधोमधचा जांभई देणारा वाघ स्वतःच्या हाताने खाली उतरवला.