जिंकलेल्याची जिलेबी

सन दोन हजार चोवीस. माझं वय चौऱ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. तेव्हा वाक्यं वाकडी झाली तर होऊ द्या, गोष्ट सरळ आहे.

त्या साली विद्यापीठाच्या पोरांच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास छापून निघाला, आणि समारंभ ठेवला आमच्या बऱ्हाणपुरात. कारण आमच्या तरुणपणी हा संघ स्पर्धेआधी सरावाला इकडंच यायचा, आमच्या पेपर मिलच्या मैदानावर. आम्ही महाराष्ट्रातून पोटामागं आलेली माणसं. दिवसभर बांबूच्या लगद्यात हात, पाळी सुटली की हातात चेंडू. मैदान मातीचं, वर बांबूचा भुसा बसलेला. चेंडू आपटला तर मनाला येईल तिकडं उडायचा. म्हणून आम्ही टप्पा मारायचंच सोडलं होतं. हातातून हातात, हातातून हातात, आणि शेवटी कड्यात.

एकदा त्यांच्याशी सामना लागला. विद्यापीठाची पोरं कॅन्व्हासचे बूट घालून उतरली, आम्ही अनवाणी. तीच हरली. शेवटचा चेंडू मी दिला आणि माझ्या दोस्तानं कड्यात टाकला. आमच्या मिलमध्ये रीत होती : हरलेल्यांनी इतवारा बाजारात नेऊन जिंकलेल्यांना मावा जिलेबी स्वतःच्या हातानं भरवायची. नुसता पानाचा दोना पुढं करून चालत नसे. त्यांच्या कप्तानानं मला भरवली. रागानं एवढा मोठा तुकडा कोंबला की पाक गळ्यावरून सदऱ्यात उतरला. दुसऱ्या दिवशी तोच आला.

"भाईसाहब, वो बिना टप्पे वाला खेल हमें भी सिखा दो."

शिकवला. लपवायचं काय होतं त्यात?

तो दोस्त आता जवळच्याच शाहपुरात, मुलाच्या घरी. घराला लागून केळीची बाग आहे, पण कमरेचं हाड मोडल्यापासून त्याला खाटेवरून तेवढी पानंच दिसतात. समारंभाचं सांगायला गेलो तर म्हणाला, "एक काम कर भो. 'आम्ही हरलो होतो', एवढं त्यांच्या तोंडून वदवून घे. नातवंडं मला थापाड्या म्हनतात."

"तोंडून काय, माइकवरून वदवतो."

"गोडीनं विचार पन. तू बोलला का भांडनच होते."

समारंभात कप्तान स्टेजवर होता. मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेला, केस पांढरे, आवाज तोच. इतिहास त्यानंच लिहिलेला, वाचायलाही तोच उभा राहिला. "बुरहानपुर की धरती पर हमारी टीम कभी नहीं हारी." टाळ्या. मग पान उलटून म्हणाला, "टप्पा कम, पास ज़्यादा. यह हमारी युनिव्हर्सिटी की अपनी शैली थी." आणखी टाळ्या.

मी उभा राहिलो. "साहब, इतवारे में जलेबी किसने किसको खिलाई थी?"

सगळा हॉल हसला. मागून एक पोरगा म्हणाला, "बाबा, जलेबी नाश्ते में है. अभी बैठ जाओ."

कप्तानानं मला ओळखलं. त्याचं बोट पानावर थांबलं, ते मी पाहिलं. मग तो हसून म्हणाला, "अरे, ये तो अपने मिल वाले काका हैं! काका, वो दोस्ताना मैच था. उसकी गिनती नहीं होती." माझ्याच वयाचा माणूस, मला काका म्हणाला. वर हुकूम सोडला, "आइए, आपको शॉल ओढ़ाते हैं."

"पहले हार गिनो, फिर शॉल ओढ़ाओ," मी म्हटलं.

तोवर कुणीतरी पुढच्या पाहुण्याचं नाव पुकारलं. मी तसाच बाहेर पडलो आणि नाश्त्याकडं न बघता राजपुऱ्यातल्या घरापर्यंत चालत आलो. हरलो म्हणायला त्याचं काय गेलं असतं? जिंकलेल्या कपांनी त्यांची कपाटं भरलीत. आमच्याकडं हे एकच जिंकणं होतं, तेही दोस्ताना म्हणून पुसून टाकलं. आमचा खेळ मात्र ठेवून घेतला. तो कसा मोजणीत आला?

सकाळी उठून इतवाऱ्यात गेलो, मावा जिलेबी बांधून घेतली आणि शाहपूरची बस धरली. दोस्ताला पाठीशी उशी देऊन बसवलं.

"वदवलं?"

"नाही."

माझ्या हातातल्या पुड्याकडं बघून तो म्हणाला, "मंग हे काय आनलं?"

"रीत आहे ना आपली. काल मी हरलो."

"मी नव्हतो ना संगं. म्हनून हरला," असं म्हणून त्यानं तोंड उघडलं. मी लहान तुकडा मोडला आणि हळूच त्याच्या तोंडात घातला. कोंबला नाही.