बिर्थेचा शुक्रवारचा केक

बिर्थे डेन्मार्कमधल्या आमच्या थिस्टेड गावच्या शाळेत गणित शिकवायची. शिक्षकांच्या खोलीत कायदा एकच: ज्याची चूक, त्याने शुक्रवारी घरी केलेला केक आणायचा. सगळ्यात जास्त केक अर्थातच माझे.

पुढे ती शिक्षणमंत्री झाली आणि संसदेत एक आकडा चुकीचा बोलून बसली. सचिव म्हणाला, "गप्प राहा, कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

ती कसली ऐकतेय! शुक्रवारी सायकलला डबा बांधून गेली, चूक कबूल केली आणि विरोधकांपुढे केक ठेवला.

मी फोनवर ओरडलो, "अगं, खुर्ची जाईल तुझी!"

"जाऊ दे! खाता खाता त्यांचा पुढारी बोलून गेला, गेल्या महिन्यात त्याचाही आकडा चुकला होता."

"मग?"

"मग काय, पुढचा शुक्रवार त्याचा. सफरचंदाचा केक सांगितलाय."