दाजींच्या मोटारीत फुकट कोणी बसत नसे

दाजी मोटारीत चढण्याआधी वहाणा काढायचे. देवळात शिरताना काढाव्यात तशा, रस्त्याच्या कडेला, जोडीनं, नीट. मग अनवाणी पायांनी मोटार हाकत निघून जायचे आणि वहाणा तिथंच राहायच्या. खालापूरपासून कर्जतपर्यंत असं एक गाव नसेल, जिथं दाजींच्या वहाणांनी मुक्काम केला नाही. लोकांनाही त्याची सवय झाली होती. कोणी त्या उचलून पारावर ठेवी, कोणी बाजाराच्या दिवशी घरी आणून देई. माझी आक्का, म्हणजे दाजींची बायको, म्हणायची, "आमच्या ह्यांच्यापेक्षा ह्यांच्या वहाणांनी जास्त मुलूख बघितलाय."

लढाई संपली होती, स्वराज्य नुकतंच आलं होतं आणि पेट्रोल अजून कुपनावर मिळत होतं. खालापूरला दाजींची भातशेती बरी होती, घरात खाऊनपिऊन सुख होतं. त्यांना एकच वेड होतं, मोटारीचं. खंडाळ्याच्या बंगल्यातले एक म्हातारे शेटजी मुंबईला कायमचे निघाले, तेव्हा दाजींनी त्यांची काळी मोटार घेतली. तिचा मागचा एक दरवाजा सुंभानं बांधलेला असे आणि भोंगा मनात आलं तर वाजे. दाजींना त्याची खंत नव्हती. म्हशीला वळण लागेपर्यंत थांबतो तसं मोटारीलाही थांबावं, असं त्यांचं मत होतं.

मोटार दाजींची, पण बसायचं सगळ्यांनी. कोणाची लेक अडली, कोणाच्या बापाला धाप लागली, कोणाला पुण्याच्या गाडीला कर्जत गाठायचंय, की माणूस दाजींच्या अंगणात येऊन उभा. दाजी "चल, बस" म्हणायचे. बसणारा मात्र तसाच बसत नसे. आमच्या भागातला माणूस कितीही गरीब असो, फुकट बसणं त्याला कमीपणाचं वाटे. उतरताना तो मागच्या सीटवर काहीतरी ठेवून जायचाच. पायलीभर तांदूळ, फणस, करवंदांचा द्रोण, नारळ, आणि ठाकूरवाडीकडची माणसं असली तर मधाची बाटली. दाजी नको नको म्हणत आणि लोक ऐकत नसत. आक्काच्या स्वयंपाकघरात त्या दिवसांत विकतचं फार थोडं शिजलं.

आता माझं. मी कर्जतच्या मामलेदार कचेरीत कारकून होतो. मॅट्रिक झालेला, इंग्रजी जाणणारा, आणि ते लोकांना कळावं म्हणून झटणारा. मोटारीला विमा सक्तीचा झाल्याचं दाजींना मीच सांगितलं. एजंटलाही मीच घेऊन गेलो. त्या सभ्य माणसानं एकच कामाचा प्रश्न विचारला, मोटार खासगी की भाड्याची? दाजी तोंड उघडणार, तेवढ्यात मी उसळलो, "भाड्याची? आमचे दाजी काय टांगेवाले वाटले तुम्हाला?" एजंटनं खासगी लिहिलं. दाजी काय सांगणार होते कोण जाणे. मी कधी विचारलं नाही.

पॉलिसी आली तेव्हा आक्कानं तिला हळदकुंकू वाहिलं आणि दाजींनी ती माझ्या हातात दिली. घरची सगळी माणसं ओटीवर जमली. मी पहिलं पान मोठ्यानं वाचलं. त्याला सोनेरी शिक्का होता, वेलबुट्टी होती, शब्द भारदस्त होते, आणि ते माझ्या तोंडून फार चांगले वाटत होते. पान उलटलं तर मागे मुंगीएवढी अक्षरं. दाजींनी विचारलं, ते काय हाय? मी म्हणालो, ते कायद्याचं नेहमीचं रडगाणं, त्यात काही नसतं. दाजींनी कागद कपाळाला लावून ट्रंकेत ठेवला. त्या मागच्या पानावर काय होतं ते आम्हाला पुढे जेवणाच्या पानावर बसून कळायचं होतं.

कार्तिकातली सकाळ होती. साजगावची जत्रा भरात होती. दाजी मला कर्जतला सोडायला निघाले होते आणि वाटेत एक म्हातारी मागे बसली. तिला लेकीकडे जायचं होतं. बसतानाच तिनं मांडीवरची कोंबडी दाखवून सांगितलं, "ही तुमाला हाय हां, दाजी." दाजी म्हणाले, लेकीला दे. म्हातारी म्हणाली, मग मी उतरते. असं त्यांचं चाललेलं, आणि मी पुढं बसून दाजींना समजावत होतो, की घ्या हो, मोटारीत बसल्यावर माणसानं द्यायचंच असतं.

कोंबडीनं बहुधा आमचं बोलणं ऐकलं. पायाची दोरी सोडवून ती उडाली ती थेट दाजींच्या मुंडाशावर. समोरून खोपोलीकडच्या वाडीवरल्या धर्माची बैलगाडी येत होती, जत्रेतून घेतलेल्या सुक्या बोंबलांची पोती भरलेली. दाजींनी चाक वळवलं, पण उशीर झाला होता. मोटारीच्या धक्क्यानं बैलगाडी मोरीच्या कठड्याला घासली आणि धर्माचा उजवा हात गाडी आणि दगड यांच्यामध्ये सापडला. इथपर्यंत ही गोष्ट मी आजवर पुष्कळदा हसत सांगितली आहे. कोंबडीपाशी लोक पोट धरून हसतात, आणि मी बऱ्याचदा तिथंच थांबतो.

धर्माला आम्ही मागच्या सीटवर निजवून कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारीनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून त्याच्या हाताला गुंडाळला होता. धर्मा ओरडत नव्हता. एवढंच म्हणत होता, "आता मी बैल कसं हाकू?" दाजी मागे वळून म्हणाले, "तू घाबरू नको रं. तुझं सगळं होईल. आपला इमा हाय." आणि मग माझ्याकडे बघून, "काय पावणं, हाय ना?"

मी म्हणालो, "आहे."

हात वाचला नाही. म्हणजे मनगटापर्यंत राहिला, पण बोटं गेली.

कंपनीचा तपासनीस मुंबईहून आला. हा मनुष्य वाईट होता असं म्हणता आलं असतं तर मला किती बरं झालं असतं! पण तो अगदी मवाळ होता. आधी धर्माला भेटून, त्याच्या हातासाठी हळहळून आला होता. आक्कानं त्याच्यासाठी कोंबडीचं कालवण केलं. त्यानं पहिला घास घेऊन तारीफ केली, अशी चव मुंबईत पैसे टाकून मिळत नाही म्हणाला. इथं माझ्यातला कारकून जागा झाला. मी म्हणालो, "अहो साहेब, इथं पैसे कोण टाकतं? आमच्या दाजींच्या मोटारीत फुकट कोणी बसत नाही. प्रत्येक जण काहीतरी ठेवूनच उतरतो."

त्याचा हात ताटात थांबला. "प्रत्येक जण?"

"अगदी प्रत्येक," मी अभिमानानं म्हणालो.

तो हात धुऊन आला. पॉलिसीचं मागचं पान काढून ती मुंगीएवढी अक्षरं त्यानं आम्हाला मराठीत समजावली. मोबदला घेऊन माणसं नेली तर ती मोटार भाड्याची, आणि भाड्याच्या मोटारीची जोखीम या पॉलिसीत नाही. मोबदला पैशातच हवा असंही नाही. मी ताटाकडे बघत राहिलो. त्यात मोबदल्याची तंगडी होती.

तरी त्या भल्या माणसानं एक वाट ठेवली होती. तो दाजींना म्हणाला, "लोक प्रेमानं देतात, तुम्ही मागत नाही. त्यांनी काही दिलं नाही तरी तुम्ही त्यांना न्याल. असंच आहे ना?" मी ताटाआड दाजींचा पाय दाबला. नुसतं हो म्हणायचं होतं.

दाजींनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "मी नेईन हो साहेब. पण ते बसायचे नाय."

 जाताना तपासनिसानं दाजींना वाकून नमस्कार केला आणि कंपनीनं पुढे रीतसर नकार कळवला.

धर्माला हे कोणी सांगायचं? मी म्हटलं, कचेरीत काम आहे, सवडीनं जाऊ. दाजी दुसऱ्याच दिवशी खोपोलीच्या बाजूला त्याच्या वाडीवर गेले आणि मलाही घेऊन गेले. शिक्षा म्हणून नव्हे, इंग्रजी कागद कोणी समजावून द्यायचा म्हणून. मी समजावू लागलो. धर्माची बायको चूल फुंकत होती, ती फुंकायची थांबली. धर्मानं माझं अर्ध्यावर तोडलं आणि दाजींना म्हणाला, "पण तुमी गाडीत मला सांगितलं व्हतं."

"व्हय," दाजी म्हणाले. "‘नाय’ कंपनीनं म्हटलंय. ‘हाय’ मी म्हटलं व्हतं."

मोटार विकली. पनवेलचा एक व्यापारी घेऊन गेला. दाजी त्या दिवशी अंगणातच उभे राहिले, वहाणा घालून. आलेले पैसे धर्माच्या औषधपाण्याला आणि घरखर्चाला गेले, आणि नदीकडचं चांगलं भातशेत दाजींनी त्याला कसायला दिलं. धर्माची बायको आणि भाऊ नांगराला असत, धर्मा डाव्या हातानं भाताच्या रोपांची आवणी शिकला. खंड म्हणून दाजी काय घेत ते आक्कालाही कधी दिसलं नाही. आणि मला या सगळ्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मला उत्तरं येतात.

मग कुळकायदा आला. कचेरीत आम्हाला त्याचे कागद आधी मिळाले आणि या खेपेला मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.  तडक खालापूर गाठलं. दाजींना ओटीवर बसवून सांगितलं, की धर्माचं नाव कूळ म्हणून पिकाच्या नोंदीत लागलं तर त्याला कुणी उठवू शकणार नाही, आज ना उद्या जमीन त्याचीच होऊन बसेल. बाकीचे जमीनवाले कुळं काढायला लागलेत. तुम्हीही हातपाय हलवा.

दाजींनी मला पुन्हा सांगायला लावलं. नक्की? त्याला कुणी काढू शकणार नाही? मीसुद्धा नाही? मी छातीवर हात ठेवला. यात काही शंका नाही, मी स्वतः वाचलंय.

दाजींचा चेहरा उजळला. "बघा पावणं, ह्यो कायदा चांगला हाय. ह्यात धर्मा बसतोय. उद्याच तलाठ्याकडं जा आन् त्याचं नाव लावून या."

अडवायला गेलेला मी, नाव लावून आलो. तलाठ्यानं दोनदा विचारलं की मालकाची अक्कल ठिकाणावर आहे ना. मी आहे म्हटलं. खात्रीनं आणि खरं बोललो असं ते एवढंच.

बऱ्याच वर्षांनी दाजी गेले. आमच्याकडे मयत नेण्याआधी गावातला प्रत्येक जण त्याच्या तोंडात पाणी घालतो. धर्माची पाळी आली. जमीन तोवर त्याच्या नावची झाली होती. त्यानं डाव्या हातात तुळशीचं पान धरलं. भटजींनी मान वर केली, मग पाण्याची वाटी त्याच्याकडे सरकवली. धर्मानं सावकाश, एक थेंब बाहेर न सांडता, दाजींना पाणी पाजलं. त्याच्या मागे माझी पाळी होती. माझे दोन्ही हात धड होते, आणि त्यातला कोणता पुढं करावा हे मला कळेना.