सातास एक फॅट

आमच्या वस्तीवरच्या सेंटरला दूध जमतं थोडं आन किस्से लई. दूध सांजपर्यंत नासतं तरी, किस्से काय नासत न्हाईत!

सेंटर मी चालवतो. मागं गायांनी वला चारा खाल्ला आन दुधाची फॅट तीनवर आली. डेअरीचा सुपरवायझर गोठ्यात हुभा राहून तोंडावर म्हनला, "साडेतीनच्या खाली पुन्हा आली तर सेंटर बंद!" बंद म्हंजे बाया-मानसांनी रोज कॅन घिऊन मिरजगाव गाठायचं. माझं डोकंच सरकलं.

*

आमचा बबन, चार गायांचा मालक. लगेच तोड काढली. "माझ्या गाईची तीन, तुझ्या गाईची तीन. एका कॅनात वतू. झाली सहा!"

मी म्हनलं, "आरं येड्या, दोन गार चहा एका कपात वतले तर गरम हुत्यात व्हय?"

बबन इचारात पडला. म्हनला, "कप केवढा हाय?"

*

मग दाविद मास्तरांना गाठलं. रिटायर मानूस, पन हिशोब पक्का. काडी घिऊन मातीत फुली मारली. "गाईची तीन, म्हशीची सात, पायजे साडेतीन. सातातून साडेतीन गेले, राह्यले साडेतीन. साडेतीनातून तीन गेले, राह्यला अर्धा. साडेतीनाला अर्धा, म्हंजे सातास एक. गाईचं सात, म्हशीचं एक!"

बबननी जाऊन मिसळून आनलं. मशीनवर लावलं तर फॅट जाग्यावरच! तीन!

"किती घातलं रं म्हशीचं?"

"एकच! मास्तर म्हनले सातास एक. सात बादल्या गाईच्या आन एक तांब्या म्हशीचा!"

मास्तरांनी हातातली काडी मोडली.

*

पुढं ठरलं, बादलीला बादलीच. वस्तीवर म्हैस एकट्या शेवंता आत्याची. आत्यानी बादली काठोकाठ भरून दिली. मशीनवर लावली, तर म्हशीच्या दुधाला फॅट साडेतीन!

"आत्या, ह्ये काय?"

"म्हस अर्धी बादली देती. तुमी भरून मागितली. मंग हापशावर नेली, दिली भरून!"

मी वरडाय लागलो. मास्तर मातर खाली बसले, नवी काडी घेतली, पुन्हा फुली मारली. लई येळ इचार करून म्हनले, "जमतंय. पन मग गाईचं दूध शून्य घ्यावं लागंल!"

*

त्या दिवशी मी समद्यांची आय-माय काढली. कॅनला लाथ घातली, आंगठा सुजला. मास्तर शांतपनी म्हनले, "बाळू, तुझं मिश्रन बी चुकतंय. सातास एक ठेव. सात शब्दामागं एक शिवी!"

बबन म्हनला, "मास्तर, त्याचं उलटं हाय. सात शिव्यांमागं एक शब्द!"

*

आन मग सुपरवायझर यायचा दिस उजाडला. मास्तरांनी घरोघर जाऊन सांगितलं, "सातास एक. जास्त न्हाई, कमी न्हाई." पन समद्यांना भ्या. बबनला वाटलं, दुसरे तांब्यानी घालतील. दुसऱ्यांना वाटलं, बबन पुन्हा घोळ घालंल. मग जो-तो पाव्हन्यांकडनं म्हशीचं दूध घिऊन आला, आन तीन तांब्यांमागं गाईचा नावाला एक घातला. मला कुनी पत्ता लागू दिला न्हाई.

साहेबांनी मशीन लावलं. आकडा आला. सहा!

साहेबांनी मशीन पुसलं. पुन्हा लावलं. सहा!

"गाईच्या दुधाला सहा?"

मास्तर वर आभाळाकडं बघाय लागले. बबन कॅनामागं बसला. मला तर एक शिवी बी सुचंना. मिसळ उघडी पडली, सेंटर गेलं म्हनून मी खालीच बसलो.

तवा शेवंता आत्या पदर खोचून म्होरं आली. "साहेब, तुमी मागल्या टायमाला गोठ्यात हुभं राहून म्हनला न्हवं का, सेंटर बंद करीन म्हनून?"

"मग?"

"ते गायांनी ऐकलं!"

साहेबांनी एकदा आत्याकडं बघितलं, एकदा गोठ्याकडं. कॅनाला झाकन लावलं.

"चढवा टेम्पोत," म्हनले. "आन गायांना सांगा, एवढं मनाला लावून घिऊ नका!"