पुस्तकातली आई आणि पुनमची आई

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात लाईट गेली की सगळे वैतागतात, पण शिवकन्याबाईच्या पिठाच्या गिरणीत बसलेल्या बायका पुढं सरकून बसतात. गिरणी चालू असली की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. लाईट गेली, पट्टा थांबला, की शिवकन्याबाई हातातलं पुस्तक मांडीवर पालथं घालते आणि वाचलं त्यावर बोलायला लागते. लाईट आली की वाक्य अर्धं असलं तरी सोडून देते आणि बटण दाबते. डबे रांगेत असतात, लाईटचा भरवसा नसतो.

पन्नाशीची, ठेंगणी बाई. भुवयांवर कायम पीठ. दहावी झाली आणि लग्न झालं. नवरा ग्यानबा शेत बघतो, ही गिरणी बघते. पुस्तकं हिंगोलीच्या एका वाचनालयातून येतात, मकबूलभाईंच्या जीपमधून. मकबूलभाई जाताना वाचलेलं नेतात, येताना नवं आणतात. वाचनालयवाल्यानं एकदा त्यांच्याजवळ निरोप दिला होता, "बाईला सांगा, पुस्तकं झटकून पाठवत जा. पानापानातून पीठ सांडतंय." ग्यानबा म्हणतो, "हिच्या गिरणीत ज्वारी बारीक निघती अन् लिहिणारा भरडा."

ते खरंच आहे. मागं एका मोठ्या साहेबाचं आत्मचरित्र आलं होतं. शिवकन्याबाई म्हणाली, "समदं पुस्तक वाचलं. साहेबाची बायको येती अन् चहा ठेवून जाती. एवढा संसार केला, ती बाई एकदाबी बोलली न्हाई? का हिनं बोललेलं ह्यानं ऐकलंच न्हाई?" एका कादंबरीत म्हातारा मरायला टेकलेला होता. "मरंना की लवकर. त्याचा जीव जायस्तोवर माझ्या समद्या गल्लीचं दळण झालं." आणि एका गाजलेल्या कादंबरीवर तर ती फारच चिडली होती. लिहिणाऱ्यानं शेवट सांगितलाच नव्हता. "मी कुणाचा डबा अर्धा दळून परत देते का?"

पुस्तकाचं नाव ती सांगत नाही. 'एक बाई होती', 'तिची सासू', 'तो येडा मास्तर' असंच बोलते, जणू मागच्या आळीतली माणसं. आम्हा रोजच्या बायकांना ते माहीत. आम्हीही तसंच भांडतो. नव्या माणसाला यातलं काही कळणार नाही, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

या दिवाळीनंतर माझ्या पुनमची सोयरीक साखऱ्याला जमली. मुलगा स्वप्निल. सेनगावात त्याचं खताबियाण्याचं दुकान आहे. वडील नाहीत, मामा व्यंकटराव सगळं बघतात. सुपारी फुटली, माझा दीर भागवत मध्ये होता. मी अंगणवाडीत सेविका आहे, लोकांची लेकरं सांभाळून माझी एकुलती एक मोठी केली. औंढ्याच्या नागनाथाला बोलले होते, पोरगी चांगल्या घरी पडली की अभिषेक करीन.

सुपारीनंतरच्या बाजाराच्या दिवशी मी दळण घेऊन गिरणीत गेले. लाईट गेली. शिवकन्याबाईनं एका मास्तरीणबाईच्या आठवणींचं पुस्तक नुकतंच वाचून संपवलं होतं. आदल्या दिवशी अर्धी गोष्ट सांगून झाली होती. त्या बाईला लहानपणी फिट यायची. आईनं ते लपवून लग्न लावून दिलं, सासरी उघडं पडलं, त्यांनी आणून सोडली. मग ती शिकली, मास्तरीण झाली.

"आईचंच चुकलं," शिवकन्याबाईनं सुरुवात केली. "पोरीला फिट येती हे ठावं असून लपवलं."

मला का कोण जाणे, ते लागलं. घरात लग्न निघालेलं, आईच्या पोटातली धाकधूक मला नवी नव्हती. मी म्हणाले, "मग काय करावं? सांगितलं असतं तर कोण करून घेत होतं पोरगी?"

"म्हून लबाडी करावी?"

"लबाडी काहून? माया हाये ती."

"पुनमची आई, तुमच्या मायेनं पोरगी चुलीपशी पडली असती तर?"

"गोळ्या चालू हायेत म्हणल्यावर येत न्हाई फिट. आईला असंच वाटतं. मी आई हाये, शिवकन्याबाई. आईला गप्प बसावं लागतं."

"अन् उद्या त्या माणसांना कळलं म्हंजे?"

तेवढ्यात लाईट आली. तिनं बटण दाबलं.

दाराशी पोत्यांच्या आडोशाला एक बाई सावलीला बसली होती, जीपची वाट बघत. बाजारच्या दिवशी अशा पुष्कळ बसतात. मी वळूनही पाहिलं नाही. मागाहून कळलं, ती स्वप्निलची आत्या होती, मंजुळाबाई. सुपारीला आलेल्या बायकांच्या घोळक्यात होती. तिनं मला ओळखलं होतं.

पुढं दोन-तीन दिवसांनी मी अंगणवाडीतून घरी आले तर भागवत ओट्यावर उभा. चप्पलही काढली नव्हती.

"वहिनी, आपल्या पुनमला फिट येती?"

मला हसूच आलं. "कोण म्हणलं?"

"तुमी म्हणल्या. गिरणीत. चार बायांत. आत्यानं कानानं ऐकलंय. मामा, आत्या, पोरगा, समदे निघालेत गाडी करून. म्हणतेत, तोंडावर इचारू अन् नारळ वापस करू."

गिरणीतलं एकेक वाक्य आठवत गेलं आणि प्रत्येक वाक्य माझ्याच लेकीवर जाऊन बसत गेलं. आज नारळ परत गेला तर उद्या सगळ्या तालुक्यात एकच गोष्ट होईल, गोरेगावच्या पुनमला फिट येते. मग 'पुस्तकातलं होतं' हे मी कुणाकुणाला सांगत फिरणार?

मी तशीच गिरणीकडं पळाले. सांगितल्यावर शिवकन्याबाईनं डबा तसाच ठेवून गिरणी बंद केली. "पुस्तक दाखवू की," ती म्हणाली आणि पुढच्या क्षणी खाली बसली. "आज सकाळीच मकबूलभाईकडं दिलं. गेलं ते हिंगोलीला."

मकबूलभाईंचा फोन वाजत राहिला. गाडी चालवताना ते उचलत नाहीत.

पाहुणे आले. ह्यांनी राम राम घातला, तोही अर्धाच परत आला. मी चहा ठेवला. कपांवर साय धरली तरी कुणी हात लावला नाही. स्वप्निल मामाच्या शेजारी खाली बघत बसला होता. पुनम आतल्या दाराआड होती. तिला मी एवढंच सांगितलं होतं, बाहेर येऊ नको.

"शिलाबाई," व्यंकटराव म्हणाले, "आमाला गोल गोल नको. पोरीला तकलीफ हाये का न्हाई?"

"न्हाई," मी म्हणाले. "देवाशपथ न्हाई. ते एका पुस्तकातलं होतं."

"पुस्तकातलं!" मंजुळाबाई पुढं झाल्या. "ही बाई तुला पुनमची आई म्हणत व्हती. तू म्हणली, मी आई हाये, आईला गप्प बसावं लागतं. तिथंच दाराशी बसून ऐकलंय मी."

शिवकन्याबाई दारातच उभी होती, भुवयांवर पीठ तसंच. "आत्या, ती पुस्तकातल्या आईकडून बोलत व्हती. मी तिच्या इरुद्ध."

व्यंकटरावांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "बाई, पुस्तकातल्या बाईसाठी माणूस असं भांडतं?"

"आमच्या गिरणीत भांडतेत."

"मग दाखवा पुस्तक."

पुस्तक तर हिंगोलीच्या वाटेवर. मामांनी टोपी सारखी केली. उठायच्या आधी माणूस करतो तशी. भागवत त्यांच्या हाताला धरून "थोडं थांबा, दाजी" म्हणत होता. मी देव्हाऱ्याकडं बघायचंही टाळलं, रडू येईल म्हणून.

आणि शिवकन्याबाईचा फोन वाजला. मकबूलभाई. गिरणीच्या सवयीनं तिचा फोन एवढ्या मोठ्या आवाजावर असतो की पलीकडचंही सगळ्यांना ऐकू येतं. तिनं पुस्तकाचं विचारलं.

"ते पुस्तक? ते गाडीत न्हाई, बाई. घरीच हाये. हुमेरानं काढून घेतलं. म्हणली, अब्बा, मी वाचून राहिले, उद्या न्या."

भागवत पळाला. मकबूलभाईंचं घर चार गल्ल्या सोडून, पण तो वेळ मला फार मोठा वाटला. हुमेरा त्याच्या मागंच आली, बारावीची पोर, पुस्तकात बोट घालून. माणसं बघून ती बुजली. तरी म्हणालीच, "थोडंच राहिलंय माझं."

शिवकन्याबाईनं पान काढलं आणि पुस्तक व्यंकटरावांपुढं धरलं. त्यांनी ते स्वप्निलकडं सरकवलं. "वाच. मोठ्यानं."

तो वाचू लागला. "'आईनं माझी वेणी घातली. गोळ्यांची पुडी माझ्या पदराला बांधून गाठ मारली आणि म्हणाली, घेताना कुणाला दिसू देऊ नको. सासरी मी झोपतानाही ती गाठ मुठीत धरायची. ज्या दिवशी मी पडले, त्या दिवशी सगळे माझ्याभोवती उभे होते. नवराही होता. तो माझ्याकडं बघत नव्हता. तो त्याच्या वडिलांकडं बघत होता, आता काय करायचं म्हणून.'"

शेवटाला त्याचा आवाज बारीक झाला. मंजुळाबाईंनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं. त्यातून पीठ सांडलं त्यांच्या लुगड्यावर.

"खरंच की गं," त्या म्हणाल्या. "माझ्याच तोंडाला काय झालं व्हतं! बाई, मी तिथंच इचारलं असतं, पन तुमची ती गिरणी सुरू झाली."

व्यंकटराव हसले. गार झालेला कप त्यांनी उचलला. "चला, मिटलं. पुस्तकानं आणलं, पुस्तकानं मिटवलं." ह्यांनी मोठा श्वास सोडला. मी दुसरा चहा टाकायला वळले, तर पुनम दारात उभी.

"मला एक इचारायचंय," ती म्हणाली. स्वप्निलला. "हे खरं असतं तर?"

व्यंकटरावांनी उचललेला कप खाली ठेवला.

"खरं न्हाई ना पन," भागवत म्हणाला.

"आज न्हाई. लग्नानंतर काही झालं तर? फिट नको, दुसरं काही. तवाबी गाडी करून समदे येणार का नारळ घेऊन?"

स्वप्निलनं तोंड उघडलं. आणि मामाकडं पाहिलं.

ते सगळ्यांनी पाहिलं. मामांनी पण. "पोरी, मिटलेलं काहून उकरून राहिली?" ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

पुनमनं आत्याच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि स्वप्निलपुढं ठेवलं. "घेऊन जावा. वाचून सांगा. तवर तारीख धरू नका."

पाहुणे गेल्यावर मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. जुळलेलं होतं, तुटता तुटता राहिलं होतं, आणि हिनं स्वतःच्या हातानं पुन्हा टांगून ठेवलं. ती एवढंच म्हणाली, "आई, त्या पुस्तकातल्या पोरीला कुणी बोलू दिलं व्हतं का?"

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. साखऱ्याहून फोन नाही. भागवत आमच्या दारावरून न थांबता जायचा. मी सकाळी देवापुढं दिवा लावायची आणि काय मागावं तेच सुचायचं नाही. लग्न व्हावं म्हणावं, का पोरीच्या मनासारखं व्हावं म्हणावं. गिरणीतही तसंच. लाईट जायची, बायका पुढं सरकायच्या आणि शिवकन्याबाई नुसती जात्याच्या कडेचं पीठ झाडत बसायची. कुणी म्हणालं, "सांगा की काही," तर म्हणायची, "वाचलंच न्हाई." मांडीवर नवं पुस्तक असायचं.

मग पुन्हा एका बाजारच्या दिवशी मी आणि पुनम गिरणीत असताना लाईट गेली आणि दारात स्वप्निल उभा राहिला. एकटाच. मोटरसायकलीनं आला होता, पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं.

"हे वापस द्यायचं व्हतं."

"पुस्तक नुसतं वापस घेत न्हाई मी," शिवकन्याबाई म्हणाली. "मत सांगावं लागतं."

तो डब्यांच्या रांगेपाशी घुटमळला. बायका त्याच्याकडं टक लावून. मला वाटलं, पळून जातोय आता.

"त्या नवऱ्याला मी लई शिव्या दिल्या वाचताना," तो म्हणाला. "मंग त्या पानाशी आलो, मी तुमच्या घरी वाचलेल्या. तो बापाकडं बघतो, तिथं. तवा ध्यानात आलं, मी बी तेच केलं." तो पुनमकडं वळला. "तुमी इचारलं, खरं असतं तर काय. मला ते आजबी ठामपणानं सांगता येत न्हाई. खोटं कशाला बोलू? पन एवढं सांगतो, इचारायचं असंल ते मी येऊन तुमाला इचारीन. मामाला न्हाई, आत्याला न्हाई. मामाला तसं सांगून आलोय."

"काय म्हणले मामा?" पुनमनं विचारलं.

"बोलत न्हाईत माझ्याशी."

कुणीतरी फिसकन हसलं. पुनम हसली नाही. ती काहीतरी म्हणायला लागली आणि तेवढ्यात लाईट आली. वरचा बल्ब पेटला. शिवकन्याबाईचा हात सवयीनं बटणावर गेला, गिरणीनं घरघर धरली आणि पुनमचे ओठ नुसते हललेले दिसले.

पुन्हा तेच. पुन्हा अर्धं.

शिवकन्याबाईनं बटण बंद केलं.

इतक्या वर्षांत लाईट असताना तिनं गिरणी थांबवलेली मी दुसऱ्यांदाच पाहिली. मागून एक म्हातारी ओरडली, "अगं, लाईट हाये तवर दळून घे की!"

"थांबा जरा, मावशी. पीठ कुठं पळून चाललं न्हाई," शिवकन्याबाई म्हणाली. "हां पुनम. काय म्हणत व्हतीस?"

पुनमनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"मामाला म्हणावं, तारीख धरा," ती म्हणाली.

शिवकन्याबाईनं पिशवीतून पुस्तक काढून गुडघ्यावर झटकलं. मग हळूच बटण दाबलं.